डोसाच्या दिवशीची काकी

"पोर माज्याकं दे, तू तिकरं भिंतीकं बघ," असं म्हणत ती बाळ आईच्या हातातून काढूनच घ्यायची. दवाखान्याच्या बाकावर अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल.

ती आमची नावडे गावातली घरमालकीण. शेती कारखान्यांत गेली, उरलेल्या जागेवर मुलांनी तीन मजले चढवले, आणि त्यांत आम्ही भाडेकरू राहायला आलो. आम्ही बीडचे, वरचं जोडपं चिपळूणकडचं. कुणाचीच आई जवळ नव्हती. म्हणून बाळांना डोस द्यायचा दिवस आला, की काकी लुगडं सावरून आमच्याआधी दारात उभी.

दवाखान्यातली सिस्टर तिला ओळखायची. "काकी, आज कुणाचा नातू?"

"भाडेकरी आला की नातू आला. हलू टोच गो बाय, सुई हाय का दाभन?"

बाळ किंचाळलं की हिचेच डोळे भरायचे.

वरच्या मजल्यावरच्या बाळाला पहिल्या डोसानंतर ताप आला, मांडी सुजली. त्याच्या बापाने ठरवून टाकलं, "पुढचा डोस नाही. पोरगं मस्त खेळतंय, उगाच टेन्शन कशाला?" बायको रडून थकली. डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात, सगळं मीही समजावून पाहिलं. तो ऐकेना.

काकी जिन्याशी कोलंबी सोलत बसली होती. तिने त्याला हाक मारली.

"बस इथं. माजी पयली पोर डांग्या खोकल्यानं गेली. खोकून खोकून निली व्हायची. टोचनारी बाय गावात आलेली, पन सासू बोलली, ताप येतो, नको. मी गप बसली." हातातली कोलंबी तिने तशीच ठेवली. "तुजा पोर तापला, रडला, पन मंग हासला ना? माजी नाय हासली."

इतकी वर्षं आम्ही तिच्या घरात राहत होतो, पण या पोरीबद्दल ती कधी बोलली नव्हती.

तो म्हणाला, "काकी, तुम्ही येता का बरोबर?"

"मी नाय त कोन येल?"

त्याने रजा टाकली. ताप आला तर काय करायचं, कधी दाखवायला आणायचं, हे सिस्टरला विचारून घेतलं. संध्याकाळी बाळ पुन्हा तापलं, तसा तो स्वतःच खाली आला. काकी वर जाऊन बाळाला मांडीवर घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी बाळ खेळायला लागलं.

पुढे आम्ही खारघरला राहायला गेलो. गेल्या वर्षी काकी गेली. घरच्यांना भेटायला गेलो, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या त्या बापाने तिच्या थोरल्या मुलाला हा सगळा प्रसंग सांगितला. आपल्याला एक बहीण होती, हे त्याला माहीतच नव्हतं. घरात तो विषय कधी निघालाच नव्हता.

पन्नाशीचा तो माणूस आमच्याजवळ येऊन बसला.

"नाव काय होतं तिचं?" त्याने विचारलं.

आम्हा कुणालाच ते ठाऊक नव्हतं.