डॉक्टरांच्या दाढीची जोखीम

कात्रीकाकांच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला. तो बसला छान, पण काकांना गप्प बसवेना. दुकान उघडून पहिल्याच गिऱ्हाइकाच्या गालाला फेस फासताना त्यांनी सांगून टाकलं, "नंतरच्या तपासणीत माझं ट्रोपोनिन वाढलेलं निघालं. हृदयाला मार लागला की रक्तात उतरतं ते."

गिऱ्हाइकाने गळ्याजवळ आलेला वस्तरा पाहिला आणि फेस पुसून उठला.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर चर्चा. काका मधेच कोसळले, तर वस्तरा नेमका कुठे जायचा? माणसं केस कापायला येत, पण दाढीचं नाव नाही. शेजारचा कापडवाला तर केस कापतानाही गळ्यावर हात ठेवून बसे.

काकांचा जीव दाढीत. केस काय, कुणीही कापतं. दाढी गेली तर आपल्यात उरलं काय, या विचाराने ते वाळायला लागले. काकू म्हणाल्या, "डॉक्टरांनी नळी उघडली. तोंड तुमचं आधीच उघडं होतं. आता त्यांनाच आणा."

डॉक्टर आले. त्यांची दाढी छातीपर्यंत, कॉलेजपासून जपलेली. दुकानातल्या बाकावर बसलेल्यांना त्यांनी समजावलं, "स्टेंटनंतर ट्रोपोनिन थोडं वाढणं बऱ्याच जणांत दिसतं. फार वाढलं तर पुढच्या आयुष्याची काळजी. यांचं तसं नाही. नळी मोकळी आहे. गोळ्या वेळेवर घेतल्या तर बरीच वर्षं तुमच्या दाढ्या करतील."

"मग बसा की तुम्हीच," कापडवाला म्हणाला.

डॉक्टरांनी दाढी कुरवाळली. "मी दाढी करत नाही."

"हल्ली आम्हीही करत नाही."

डॉक्टरांना पळायला वाट उरली नाही. ते खुर्चीत बसले, डोळे गच्च मिटले. आधी कात्री चालली, मग वस्तरा. काकांचा हात असा फिरला, जणू लोण्यावर सुरी.

काकांनी चेहऱ्यावरचा गरम टॉवेल उचलला. खाली हनुवटी म्हणून काही नव्हतंच. ओठ संपले की थेट कॉलर.

कापडवाल्याने खोकून हसू गिळलं, खुर्ची रिकामी होण्याआधीच येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काका, पुढचा मी. दाढीच."

डॉक्टरांनी आरशात पाहिलं आणि खिशातून मास्क काढून चढवला. काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते नवा फेस घोटत होते.