चार बटणांच्या बातम्या

आमच्या मोशीच्या शाळेचा शिपाई रोज संध्याकाळी दारोदार शाळेच्या बातम्या सांगत फिरायचा. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. गुरुजींनी सांगितलेली एकेक बातमी तो सदऱ्याच्या एकेका बटणावर बोट ठेवून पाठ करी. बटणं चार, त्यामुळे एका फेरीत चारच बातम्या मावत. झेंडावंदन असो की देवी टोचणं, आवाज तोच, सपाट.

"आण्णा, सोमवारी परीक्षा हाय. सायेब येणार. पोरगी धाडा," एका संध्याकाळी वरचं बटण धरून तो म्हणाला.

"घरची सगळी कांदे काढायला रानात. तान्ह्याला कोण सांभाळणार?" मी म्हणालो. मी ओट्यावर रिकामाच बसलो होतो, पण मला मोजायची आमच्याकडे रीत नव्हती.

"पोरीचं वरीस जाईल."

"जाऊ दे."

सोमवारी तो आला, मुलीच्या कडेवरचा तान्हा त्याने आपल्या खांद्यावर घेतला आणि तिला पुढे घालून निघाला. दिवसभर त्याने शाळेची घंटा एका हाताने वाजवली म्हणे. साहेबांनी "हे कोण?" विचारलं, तेव्हा म्हणाला, "ह्यो पुढं शाळंत येणार हाय."

संध्याकाळी दोघांना घेऊन, बटणावर बोट ठेवून तो दारात उभा राहिला.

"पोरगी चौथीत गेली. उद्या शाळा हाय."

"ती रोजच असते की."

"व्हय."

मुलीने तान्ह्यासाठी हात पुढे केले. त्याने दिला नाही. बटणावरचं बोटही काढलं नाही, माझ्याकडे बघत राहिला. शेवटी मी ओट्यावरून उठलो आणि तान्ह्याला घेतलं.

मग तो शेजारच्या दाराकडे वळला.