घागर टेकली की पाणी सुटायचं

आजही आठवलं की डोकं फिरतं. त्या दुष्काळाच्या साली मी लातूरला एका लहानशा कारखान्यात पाण्याच्या एटीएमचे बोर्ड बनवत होते. विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन दोनच वर्षं झाली होती, आणि बोर्डाचं डिझाइन माझं म्हणून तोरा लई होता. कार्ड लावलं की वीस लिटर पाणी, एवढंच त्या मशीनचं काम. तिकडं उदगीर जिल्हा होणार, होणार म्हणून गावोगाव फलक लागलेले. नव्या जिल्ह्यात आपलं गाव पुढं दिसावं म्हणून जो तो पुढारी मशीन मागत होता. टाकीत पाणी टँकरचंच पडायचं, पण ते कुणी फलकावर लिहीत नव्हतं.

त्या भागातल्या एका गावातून तक्रार आली की कार्ड न लावताच पाणी सुटतंय. मी एसटीनं सकाळीच पोचले. पाणी समितीच्या अध्यक्षांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं की बिघाड त्यांना सापडलेलाच आहे. खालच्या वस्तीतली एक बाई नळाशी आली की मशीन आपोआप चालू होतं, दुसऱ्या कुणाला होत न्हाई.

"तिचा हात लागला की बिघडतंय बघा, मॅडम," ते म्हणाले.

म्हणून आठ दिवसांपूर्वी त्यांनी तिचं कार्ड काढून घेतलं होतं. घरात पाच माणसं, वस्तीवरचा हापसा कोरडा, आणि ती बाई लांबच्या एका मळ्यातून डोक्यावर पाणी आणत होती. हे त्यांनीच सांगितलं, चहा फुंकत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आधी मशीन बघू म्हटलं.

पेटी उघडली. आतल्या मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या चिपला, कार्ड लागल्याचं कळतं ते इनपुट पिनेवरून, आणि पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायचा हुकूम जातो तो आउटपुट पिनेवरून. चूक या दोन्हींत कुठंतरी असणार. आउटपुटची तार सोडली, व्हॉल्व्हची वीज जोडणारा रिले तपासला, व्हॉल्व्ह हातानं चालवून बघितला. सगळं ठणठणीत. तार परत जोडली. मग इनपुटला मीटर लावून बसले. तासभर काटा कार्ड लागेल तेव्हाच हलायचा, एरवी नाही. एकामागून एक बाया येत होत्या, प्लॅस्टिकच्या घागरी भरून नेत होत्या, आणि मशीन शहाण्यासारखं वागत होतं. अध्यक्ष म्हणाले, बघा, ती नाही तर बिघाड नाही.

मी म्हटलं, मग तिला बोलवा. बिघाड डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी काय दुरुस्त करू? ते का-कू करायला लागले. गावातली माणसं काय म्हणतील, रांग अडेल, आणि काय काय. शेवटी मी पेटीचं झाकण लावलं आणि पिशवी खांद्याला अडकवली, तेव्हा कुठं निरोप गेला. मी पेटी परत उघडून मीटर लावून बसले.

ती आली. पन्नाशीची असेल, अनवाणी, काखेत पितळी घागर. मी म्हटलं, मावशी, रोज उभ्या राहायच्या तशाच उभ्या राहा. ती नळाखालच्या चिखलात उभी राहिली आणि जड घागर तिनं लोखंडी पेटीला टेकवली. मीटरचा काटा थरथरला, रिले कट्कन वाजला आणि पाणी सुटलं. कार्ड कुणाच्याच हातात नव्हतं.

"झिणझिण्या येतात ओ," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून सांगायले मी. ही समितीवाली माणसं हसतात."

झिणझिण्या! मी पळत पेटीमागं गेले. गळणारी वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची तार जागेवर होती, पण ती जिथं पुरलेली तो खड्डा सुकून भेगाळला होता. त्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं, आणि पाणी कोण घालणार? म्हणजे पेटीत वीज उतरत होती. रांगेतल्या चपला घातलेल्या, प्लॅस्टिक धरलेल्या बायांना ती कळत नव्हती. ओल्या चिखलात अनवाणी उभी राहून पितळ टेकवणारी ही एकटी.

पण एवढ्यानं व्हॉल्व्ह उघडायचं कारण नव्हतं. मी बोर्ड उलटा करून बघितला. कार्ड नसताना इनपुट पीन शून्यावर धरून ठेवायला एक रेझिस्टर लागतो, आणि बोर्डावर तो नव्हताच. कारखान्यातल्या टेबलावर ज्या कार्ड-रीडरवर मी चाचणी घेतली, त्यात तो आतच होता. इथं लावलेल्या दुसऱ्या रीडरमध्ये नव्हता. पीन मोकळी लोंबकळत होती, जवळ जराशी वीज हलली की कार्ड लागलं असं समजत होती. चूक माझी होती. एवढी लाज मला आजवर कशाचीच वाटलेली नाही.

मी तिथंच मोठ्यानं सांगितलं, रांगेला ऐकू जाईल असं. चपला काढल्या, चिखलात उतरले, तिची घागर घेऊन पेटीला टेकवली. हाताला मुंग्या आल्या आणि पाणी सुटलं. मग अध्यक्षांना म्हटलं, आता तुम्ही धरून बघा. ते दोन पावलं मागं सरले. शॉकला भ्याले म्हणावं, तर त्यांची नजर पेटीवर नव्हती, घागरीवर होती.

मी मेन स्विच पाडला आणि सांगितलं, आधी हिचं कार्ड. त्यांनी समितीची बैठक घ्यावी लागेल, ठराव करावा लागेल असं काढलं. मी म्हटलं, काढून घेतलं तेव्हा ठराव कुठं केला होता? रांगेतल्या बाया कुरकुरायला लागल्या, मशीन बंद होतं, ऊन चढत होतं. त्यांनी खिशातून कार्ड काढलं आणि लांबूनच पेटीवर टाकलं. म्हणाले, घे.

तिनं ते उचललं नाही. घागर खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि तळवा पुढं केला.

"हातात द्या," ती म्हणाली. "हातातून घेतलं होतं."

अध्यक्षांनी माझ्याकडं बघितलं. मी स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला आणि चिखलात तिच्या शेजारी तशीच उभी राहिले.