दिवाणखान्यातली पानगळ

फरशीवर पान पडतं तेव्हा आवाज होतो, हे निमोण्याच्या मातीच्या अंगणात मला कधी कळलं नव्हतं. टप्प असा कोरडा, एवढासा आवाज. दुपारच्या नीरव वेळी तो इतका स्वच्छ ऐकू येई, की हातातलं निवडणं तसंच ठेवून मी कोपऱ्यातल्या कुंडीकडे पाहत बसे. बाहेर श्रावण होता. शिक्रापूरच्या हमरस्त्याकडेला, ट्रकांच्या धुराळ्यातसुद्धा गवत पोपटी झालं होतं, आणि आमच्या दिवाणखान्यात मात्र पानगळ! ऋतूंनाही विचारून आत यावं लागतं अशी ही घरं, इथे श्रावणाला कोण विचारतो?

झाड फायकसचं. वडा-पिंपळाच्या कुळातलं, पण छताखाली वाढायला शिकवलेलं. निमोण्याचा मळा गोदामासाठी विकून आम्ही या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा माझ्या यजमानांनी ते हौसेनं आणलं. "घरात जरा हिरवं पाहिजे," म्हणाले. हिरवं! अख्खा मळा देऊन टाकलेल्या माणसाला आता कुंडीभर हिरवं हवं होतं. व्यवहार ठरला त्या दिवशी माझे सासरे, आप्पा, एवढंच बोलले होते, "आन् हिरीचं काय करत्याल?" विहीर पुढे बुजवली. मला तर कुणी काही विचारलंच नाही, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पण पानं का गळत होती? उजेड कमी पडत असेल म्हणून कुंडी खिडकीशी सरकवली. मग वाटलं, जागा बदलली म्हणून रुसलं असेल. पुन्हा होती तिथे आणली. पंख्याचा वारा चुकवला, एकेका पानाची पाठ पुसून कीड शोधली. पानं पिवळी पडून, देठापासून अलगद सुटून, गळतच राहिली. शेवटी मातीत बोट खुपसलं. वरची माती ओली, खालची चिखल झालेली, आणि तिला कुजका वास. मी तर हात राखूनच पाणी घालत होते. मग ही ओल कुणाची?

उत्तर एका दुपारी मिळालं. इथे लाईट सारखी जाते. त्या दुपारी ती आली, पंखा फिरू लागला, आणि कॉटवर पडलेले आप्पा लगबगीनं उठले. तांब्या भरून आणला, कुंडीत ओतला. मी पाहतेय हे ध्यानात येताच किंचित ओशाळून म्हणाले, "लाईट आली न्हवं पोरी, भिजवून घेतलं. परत कवा जाईल, नेम न्हाई."

जन्मभर लाईट आली की मोटर चालू करायला धावलेला माणूस! आम्हाला लाईट म्हणजे पंखा, टीव्ही, मोबाईलचं चार्जिंग. त्यांना लाईट म्हणजे पाणी. रान गेलं, मोटर गेली, विहिरीवर मुरूम पडला, तरी त्या देहातली ती धावपळ गेली नव्हती. रोग मला कळला, आणि मी गप्प राहिले. मरेना का झाड! शोभेच्या झाडासाठी या माणसाच्या हातातलं शेवटचं काम काढून घ्यायचं?

पण एका रविवारी ह्यांनी ते पाहिलं. रागावले नाहीत. उलट मऊपणानं म्हणाले, "आप्पा, पाणी नका घालू त्याला. मुळ्या कुजत्यात. तुम्ही आता निवांत बसा." काय चुकीचं होतं त्यात? एक शब्दही नाही, म्हणून तर मला भांडताही आलं नाही. आप्पा "बरं" म्हणाले आणि तांब्या ओट्यावर पालथा घालून आले.

झाड सावरलं. शेंड्याला कोवळी, तकतकीत पालवी फुटली आहे. पाहुणे कौतुक करतात आणि हे त्यांना, निगा कशी राखायची ते समजावून सांगतात. मला ते झाड बघवत नाही. लाईट आली की आप्पा अजूनही कॉटवर उठून बसतात, पाय खाली सोडतात, फिरणाऱ्या पंख्याकडे पाहतात, आणि थोड्या वेळानं पाय पुन्हा वर घेतात. फरशीवर आता कसलाच आवाज होत नाही.