गवतातली शिडी

आमच्या गावच्या बागेत गवतातून दोन लोखंडी दांडे वर आलेले आहेत. छत्रीच्या मुठीसारखे वाकलेले, रंग उडालेले. नवख्या माणसाला वाटतं, सायकली बांधायला लावले असतील. ती पोहण्याच्या तलावाची शिडी आहे. तलाव खाली आहे, मातीने भरलेला.

माझी ओझेला आत्या दर चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, तिथे पोहायला जाते.

म्हणजे असं, की अख्खं गेन्स घराणं बागेत जमलेलं असतं, धुरावर डुकराच्या फासळ्या भाजत असतात, बटाट्याच्या सॅलडवरच्या माशा हाकलत कुणीतरी बसलेलं असतं, आणि जेवणाआधी आत्या उठते. चपला काढते. दांडे धरून आमच्याकडे तोंड करते आणि नसलेल्या पायऱ्या एकेक करून जपून उतरते. खाली टेकली की खांदे आवळून म्हणते, "अगं बाई गं, गार आहे आज." मग नाक दाबून गवतात बुडी मारते. वर येऊन कानातलं पाणी झटकते. आम्ही हसून लोळतो. मला कळायला लागलं तेव्हापासून हे असंच आहे.

आत्या दहा वर्षांची होती तेव्हा कोर्टाने हुकूम दिला की हा तलाव गोऱ्यांइतकाच आम्हा काळ्यांचाही. माझ्या आजीने खिडकीचा पिवळा पडदा उतरवून दोन्ही पोरांना पोहण्याचे कपडे शिवले, आत्याला आणि तिच्या धाकट्या भावाला, लेम्युएलला. ते घालून दोघं टॉवेल खांद्यावर टाकून निघाले. तलावापाशी पोचले तर मातीचे ट्रक उलटे होत होते. पाणीसुद्धा पूर्ण काढलं नव्हतं; माती पडली की चिखल उडायचा. कुंपणाबाहेर ही दोन पिवळी पोरं उभी, आणि थोड्या अंतरावर टॉवेल घेऊन उभी असलेली काही गोरी पोरं, त्यांनाही काही कळेना. आमच्याबरोबर पोहण्यापेक्षा कुणीच पोहू नये, असं गावाने ठरवलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लेम्युएल नदीवर पोहायला गेला आणि परत आला नाही.

तेव्हापासून आमच्या घराण्यात पाण्याचं नाव काढायचं नाही. आजी घोट्याच्या वर टब भरू द्यायची नाही. अजूनही आमच्यातले निम्मे लोक डबक्याला वळसा घालून जातात. गवतात मात्र सगळ्यांना पोहता येतं.

आणि मग यंदा गावाने नवा तलाव बांधला.

उद्घाटनाची फीत आत्यानेच कापावी, असं सांगायला मेयर डॅरल किंब्रो स्वतः घरी आला. आत्याने आयुष्यभर शाळेची बस चालवली. गावातली निम्मी टाळकी, काळी आणि गोरी, तिच्या आरशात बघत मोठी झाली आहेत. डॅरल दुसऱ्या बाकावर बसायचा आणि त्याला बस लागायची.

"मिस ओझेला, तुम्ही आलात तर फार बरं दिसेल," तो म्हणाला.

"कुणाला बरं दिसेल, डॅरल?"

"सगळ्यांना. पेपरवाले येणारेत. गाव किती बदललं ते कळेल."

"येईन," आत्या म्हणाली. "पण फीत कापून घरी नाही जायची मी. उतरणार."

डॅरल हसला. त्याला ती गंमत वाटली. मी हसले नाही, कारण मला माहीत होतं. सबंध हिवाळा आत्या शहरातल्या बंदिस्त तलावावर जात होती. केसांच्या घट्ट वेण्या घालायची आणि गाडी काढायची. एक पोरगेलीशी मास्तरीण तिच्या पाठीखाली हात धरायची आणि म्हणायची, मान सैल सोडा. मान सोडायलाच तिला ख्रिसमस उजाडला. फेब्रुवारीत एकदा त्या पोरीने हात काढून घेतला आणि आत्याला ते कळलंच नाही. परत येताना ती गाडीत इतकी गात होती की वळण चुकलं आणि आम्ही भलत्याच गावी जेवलो.

"लेम्युएलच्या वाटणीचंही पोहायचंय," एवढंच ती म्हणाली. "मरायच्या आत. आपल्याच गावात."

उद्घाटन शनिवारी दुपारी होतं. शनिवारी सकाळी लुवेनियाच्या केस करायच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या चर्चच्या झाडून सगळ्या बायका कुरळे केस सरळ करून घ्यायला आलेल्या. शेगडीवर लोखंडी कंगवे तापत होते, तेलाचा आणि जरा करपल्याचा वास भरून राहिला होता.

"कान धर," लुवेनिया म्हणाली.

"धरलाय. भाजू नकोस," खुर्चीतली बाई म्हणाली.

"भाजलाय का कधी? तू हललीस की भाजतो. त्या पेपरवाल्याच्या फोटोत आपल्यातली एकही बाई विस्कटलेली दिसता कामा नये. साठ वर्षं थांबवलंय त्यांनी, झिंज्या दाखवायला नाही."

"गोऱ्यांची ती पॅटी कॅल येणारे म्हणे, पांढरी हॅट घालून."

"येऊ दे. माझ्यासमोर तिची हॅट वितळेल."

आत्या खुर्चीत बसली. मोठ्या दिवसाच्या सकाळी लुवेनियाच्या खुर्चीत बसायचं, हे तिच्या हाडात होतं. लग्न असो, मयत असो, मतदान असो. वेण्या सुटल्या, कंगवा फिरला, गप्पा रंगल्या, आणि ती उठली तेव्हा केस रेशमासारखे खांद्यावर. सगळ्यांनी वा वा केलं. मीही केलं. माझे ओले केस तेव्हा ड्रायरखाली वाळत होते आणि पुढचा नंबर माझा होता.

तलाव खरोखर देखणा होता. निळा, कोरा, कुणाच्याही सावलीची सवय नसलेला. डॅरलने भाषण केलं. म्हणाला, आजपासून या गावात माणसामाणसात फरक उरला नाही, हे पाणी त्याची साक्ष आहे. टाळ्या झाल्या. आत्याने फीत कापली. गोऱ्या पोरांनी धाडधाड उड्या मारल्या, मागोमाग त्यांचे बाप, मग आया.

आणि आम्ही सगळ्या, चर्चच्या झाडून सगळ्या, तीन पावलं मागे सरलो. एक शिंतोडा उडाला तशा आणखी तीन.

लुवेनिया माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे. मग दोघींनी रांगेवर नजर फिरवली. सकाळी सरळ केलेली, चकाकणारी, कोरडी डोकी, एकामागून एक. पाण्याचा थेंब लागला की सगळे केस सुपारीसारखे आक्रसून वर जाणार होते. आमची पोरंही आयांच्या हाताला धरून जागच्या जागी. साठ वर्षांनी दार उघडलं होतं आणि आम्ही नटूनथटून उंबऱ्यावर उभ्या.

"लुवेनिया," मी हळूच म्हटलं, "आपण काय करून बसलो गं?"

"तोंड मिट. फोटो काढतायत."

पॅटी कॅल पांढऱ्या हॅटखालून आपुलकीने आमच्याजवळ आली. "किती सुंदर दिसताय गं सगळ्या," ती म्हणाली. "आणि बरोबरच आहे, नाही का, तुमच्याकडे पाण्याची आवड नसतेच फारशी. माझी आई म्हणायची, तो जुना तलाव बुजवला तर त्यांचं काही अडलं नाही."

मग आत्याच्या पोटातून कसलासा आवाज आला. आधी मला वाटलं ती रडते आहे. ती हसत होती. हसू वर येत गेलं, खांद्यात शिरलं, तिला उभं राहवेना. लुवेनियाच्या दंडाला धरून ती डोळे पुसत होती.

"अडलं नाही म्हणे," ती म्हणाली. "लुवेनिया, ऐकलंस? पडद्याचे कपडे घालून उभे होतो आम्ही, पण अडलं नाही."

"ओझेला, काय करतेयस? बटणं काय काढतेयस?"

"उतरतेय."

"त्या डोक्यावर मी अख्खी सकाळ घातलीय."

"माहितीये. फार सुंदर झालंय."

झगा खाली पडला. आत पिवळा पोहण्याचा पोशाख होता, पिकलेल्या लिंबासारखा. आत्याने शिडीचे दांडे धरले, आमच्याकडे तोंड केलं आणि एकेक पाऊल खाली टाकलं. यावेळी पावलाखाली पायरी लागत होती, आणि दर पायरीला तिच्या चेहऱ्यावर त्याचं आश्चर्य उमटत होतं. पाणी कमरेला आलं. खांदे आवळून ती म्हणाली, "अगं बाई गं. गार आहे." आणि मग मान सैल सोडून ती पाण्यावर पाठीवर निजली.

तरंगली. केस पाण्यात पसरले, मग हळूहळू गोळा व्हायला लागले.

तेवढ्यात पलीकडच्या कडेला एक गोरा माणूस उठला. दोन मुलांना त्याने दंडाला धरून बाहेर काढलं, टॉवेल गोळा केले. बायको म्हणाली, जेवायची वेळ झाली. सव्वादोन वाजले होते. मुलगी मागे वळून बघत गेली. बाकीचे होते तिथेच राहिले. काहींनी नजर पाण्यात घातली, काहींनी आपापल्या पोरांना पुन्हा पुन्हा सांगितलं की पोहा, पोहा की.

आत्याचे कान पाण्याखाली होते, पण डोळे उघडे होते. तिने पाहिलं.

"डॅरल," निजल्या निजल्या ती मोठ्याने म्हणाली, बसमध्ये बोलायची तशी. "पाणी बदलायला काढू नकोस हं. माझं पोहून व्हायचंय अजून."

कडेवर उभा असलेला डॅरल दुसऱ्या बाकावरच्या पोरासारखा पांढराफटक पडला. मग कुणीतरी फिस्सकन हसलं. लुवेनियाने पर्स माझ्या हातात कोंबली, देवाचं नाव घेतलं आणि कपड्यांसकट उडी मारली. तिच्या मागे चर्चच्या गायनमंडळातल्या सगळ्या. त्या दुपारी किती केस वर गेले ते देवाला ठाऊक. मीही गेले. आमच्यातल्या एकीलाही पोहता येत नव्हतं. गळ्याएवढ्या पाण्यात एकमेकींचे दंड धरून आम्ही नुसत्या किंचाळत, हसत उभ्या होतो, आणि पॅटी कॅलची हॅट भिजून तिच्या कानांवर आली होती. ती घरी गेली नाही, हे सांगायला हवं. काठावर बसून तिने पाय पाण्यात सोडले.

पेपरवाल्या पोराने आत्याला कडेला गाठलं. विचारलं, "मग आता समानता आली, असं म्हणायचं का, मॅडम?"

आत्याने कडेला हात टेकले. डोक्यावरून पाणी ओघळत होतं, आणि ते डोकं दहा वर्षांच्या पोरीचं असावं तसं गोल, कुरळं झालं होतं.

"मला अजून फक्त पाठीवर येतं, बाळा," ती म्हणाली. "आणि ते जेवायला गेलेले लोक परत आले का बघ जरा."

त्याने खरंच वळून पाहिलं.

चार जुलैला फासळ्या भाजत होत्या तेव्हा आत्या उठली आणि बागेतल्या जुन्या दांड्यांकडे निघाली. मी म्हटलं, "आत्या, आता खरा तलाव आहे ना तुला. कशाला?"

ती पायऱ्या उतरली. गवतावर पाठ टेकली, मान सैल सोडली, हात पसरले. बराच वेळ तशीच पडून राहिली. मग तिने बाजूचं गवत थोपटलं, मला बोलावलं.

"ये," ती म्हणाली. "जपून. इथे खोल आहे."