प्रत्येकाला सोळा

आमच्या कॉलेजच्या एका सर्व्हरवर, त्याचीच मेमरी वाटून घेणारे आठ आभासी संगणक चालतात. आज मी प्रत्येकाची मेमरी तपासली. आठही जण म्हणाले, सोळा जीबी. म्हणजे एकशे अठ्ठावीस; खऱ्या सर्व्हरमध्ये आहे चौसष्टच.

"अहो मॅडम, सगळे एकदम कुठे मागतात? अहवालात 'पुरेसं' लिहिलंय, करा सही," साहेब हसले.

ते हसणंच मला खटकलं. सगळे एकदम मागणार नाहीत, या भरवशावर जगातली किती आश्वासनं उभी असतील! उद्या याच सर्व्हरवर प्रवेशअर्ज भरायचा शेवटचा दिवस. आमच्यासारख्या घरांतली मुलं त्याच दिवशी येतात, कारण उत्पन्नाचा दाखला हाती पडतो तेव्हाच. सर्व्हर बसला, तर त्यांचं वर्ष जाईल.

"साहेब, घरातली पहिली पदवीधर आहे मी. सही वाचून करते."

'पुरेसं' खोडून मी 'निम्मंच आहे' लिहिलं आणि सही केली.