सुटलेला टाका

केमोची सलाइन सुरू असताना माझी बहीण सुमन स्वेटर विणत होती. भेटायला आलेल्या मावशीने विचारलं, "खरं सांग, चोरून मिश्री लावायचीस ना? उगाच होतं का असलं?"

आजाऱ्याची उलटतपासणी हा आपल्याकडे भेटीचाच भाग आहे. हातात शहाळं द्यायचं आणि आरोप ठेवायचा. सकाळीच डॉक्टरांनी सांगितलं होतं की पेशी दुभंगण्याआधी डीएनएची नक्कल होते. एखादी चूक दुरुस्तीतून निसटते आणि पुढच्या नकलांमध्ये चुका वाढत जातात. सुमनच्या शरीरात एवढंच घडलं. तरी गुन्हेगार तीच. याची चीड येते.

सुमनने विणकाम पुढे धरलं. "मावशी, खाली एक टाका सुटला आणि वरची सगळी वीण बिघडत गेली. लोकरीने कुठली मिश्री लावली होती गं?"